चौथी बाटली

३ मार्च, सोमवार

शिक्कामामाशी आज पुन्हा वाजलं! हेडक्लार्क झाला म्हणून काय माणसाशी माणसासारखं बोलायचं नाही? म्हणे, "कॉलेज अर्धवट, सहीपण अर्धवट! पूर्ण नाव लिही रजिस्टरात." सगळं ऑफिस खदाखदा हसलं. मी पेन टेबलावर आपटलं आणि तडक बाहेर पडलो. पाच मिनिटांनी परत आत गेलो. पेन माझंच होतं.

आरोग्य मंडळात चिकटून आज बरोबर महिना झाला. काम काय, तर दर सोमवारी चार नळांचं पाणी चार बाटल्यांत भरायचं. स्पिरिटचा बोळा पेटवून नळाचं तोंड भाजायचं, दोन मिनिटं पाणी वाहू द्यायचं, मग बाटली भरून चिठ्ठी लावायची, वेळ लिहायची. पहिली बाटली वरच्या रस्त्याची, घड्याळवाल्याच्या घराबाहेरचा नळ. दुसरी शाळेची. तिसरी बाजारातली. चौथी खालच्या गल्लीतल्या शेवटच्या नळाची — म्हणजे आमच्याच गल्लीची. तिथे पाणी पहाटे पाच ते सहा, त्यामुळे उलटीकडून सुरुवात. दहाच्या बसने बर्फाच्या डब्यातून बाटल्या प्रयोगशाळेला. आठवड्याने कागद येतो — 'पिण्यास योग्य'. शिक्कामामा त्यावर ठाप्पकन शिक्का मारतो. संपलं. यासाठी दोन वर्षं रसायनशास्त्र घोकलं!

दादाचं एकच पालुपद. "प्रोफेसरच्या टेबलावर जर्नल फेकलंस, आता इथे काही फेकू नकोस." वहिनी म्हणाली, "फेकू दे की, बाटल्या काचेच्या आहेत, निदान आवाज तरी येईल." दादाच हसला शेवटी. तिला पाचवा महिना आहे, घरात तिचंच राज्य.

वही गादीखाली ठेवायची नाही, वहिनी गाद्या उन्हात टाकते. पत्र्याच्या पेटीत, जुन्या जर्नलांच्या खाली. कोणाच्या हाती लागली तर गाव सोडून जाईन.

१० मार्च, सोमवार

ती बोलली!

घड्याळवाल्याची मुलगी. एवढे दिवस फक्त खिडकीतून दिसायची. बाप दुकानात गिऱ्हाइकं बघतो, ही घरात बसून घड्याळं दुरुस्त करते. डाव्या डोळ्याला भिंग, हातात सुईएवढा चिमटा. मी नळाचं तोंड भाजत होतो. भिंग न काढताच म्हणाली, "नळाला ताप आलाय का? दर सोमवारी शेक देता ते?"

म्हटलं, "नियम आहे."

नियम आहे! जगात एवढे शब्द पडलेत आणि माझ्या तोंडून हे निघालं. दिवसभर स्वतःला शिव्या घातल्या.

दुपारी साहेबांनी बोलावलं. मंडळाचे डॉक्टर. स्पिरिट जास्त का लागतं म्हणून विचारलं. मी चिडून वाद घातला, ते फक्त बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. जा." माणूस आहे की बर्फाची लादी? ओरडा ना! ओरडलात तर मलाही ओरडता येईल.

१७ मार्च, सोमवार

उठायला उशीर झाला. साडेसहा. गल्लीचं पाणी गेलेलं. शेवटच्या नळाला तोंड लावून बघितलं, नुसतं फुर्र. आता चौथी बाटली कुठून आणू? रिकामी पाठवली तर शिक्कामामा मेमो देणार.

तिच्या नळावरच भरली. टाकी एक, पाणी एक. नळ बदलला म्हणून पाणी काय जात बदलतं? चिठ्ठीवर लिहिलं — खालची गल्ली, ५.२०.

तिने विचारलं, "आज दोन?" म्हटलं, "खात्री करायला." तिने मान डोलावली. मान डोलावताना भिंगात सूर्य चमकला. मी अजून तिथेच उभा आहे असं वाटतंय.

२४ मार्च, सोमवार

चारही बाटल्या तिच्याकडे भरल्या. एवढी वणवण कशाला करायची? शाळेचा नळ माहीत आहे, बाजाराचा माहीत आहे. दर आठवड्याला तोच कागद — योग्य, योग्य, योग्य, योग्य. शेंबड्या पोरालाही कळेल.

आठ चाळीस ते नऊ वीस. चाळीस मिनिटं! एका बाटलीला दहा. तिने 'तुम्ही' सोडून 'तू' केलं. मध्येच. तिच्या लक्षातही आलं नसेल. म्हणाली, "तू बाटलीवर चिठ्ठी इतकी सरळ लावतोस आणि शर्टाची बटणं मात्र वाकडी." घरी येऊन पाहिलं. खरंच एक बटण चुकलेलं.

३१ मार्च, सोमवार

चारही तिच्याकडे. पन्नास मिनिटं.

१ एप्रिल, मंगळवार

रजिस्टरात कालच्या वेळा भरल्या. ५.१५, ६.५०, ७.३०, ८.४०. सगळ्या छान शिस्तीत. शिक्कामामा म्हणाला, "लायनीवर आलास रे!" त्याच्या तोंडून कौतुक ऐकून मी रजिस्टर पटकन मिटलं. पण बरंही वाटलं. हे लिहायला नको होतं. पण इथे नाही लिहायचं तर कुठे?

७ एप्रिल, सोमवार

चारही. ती एक मनगटी घड्याळ उघडून बसली होती. मी म्हटलं, "हे तर चालू आहे, मग दुरुस्त काय करायचंय?" म्हणाली, "दिवसाला वीस मिनिटं मागे पडतं. बंद पडलेलं परवडलं, माणूस दुसऱ्याला वेळ विचारतो. हे टिकटिकतंय म्हणून बिचारा यावरच भरवसा ठेवतो."

काय बोलते! मी नुसता तिच्या बोटांकडे बघत होतो.

वहिनीला संशय आला आहे. "सोमवारी तेवढं तेल जास्त लावतोस डोक्याला. नळ सुंदर आहे वाटतं?" मी ताटावरून उठलो. ती मागून म्हणाली, "अरे, नळाला भाऊबिऊ तरी आहेत का विचारून ठेव, मार खाशील!"

१४ एप्रिल, सोमवार

चारही. ती नव्हती. मावशीकडे गेली होती. चार बाटल्या सहा मिनिटांत भरल्या. शाळेच्या नि बाजाराच्या नळावर जायला वेळ होता, बसला सव्वा तास होता. गेलो नाही. मूडच नव्हता.

१९ एप्रिल, शनिवार

गल्लीत दोघांना कावीळ. एक सुताराचा मुलगा, एक समोरची शिवणवाली. ऑफिसात खळबळ. साहेब स्वतः आले, घरोघर विचारत फिरले. काय खाल्लं, काय प्यायलं, कुठून. मी सोबत कागद धरून. गल्लीच्या तोंडाशी सरबतवाल्याची गाडी असते, त्याच्या सरबताचा नमुना घेतला. त्याने बिचाऱ्याने साहेबांना ग्लास पुढे केला. "घ्या ना साहेब, ऊन फार आहे." साहेब म्हणाले, "नको. बाटलीत द्या."

२१ एप्रिल, सोमवार

चारही वरच. तिला काविळीचं सांगितलं. म्हणाली, "तुमच्या गल्लीत? मग पाणी?" म्हटलं, "पाणी चांगलं आहे. मीच तपासतो ना." छाती फुगवून म्हटलं. तीही हसली.

२५ एप्रिल, शुक्रवार

अकरा जण. सगळे खालच्या गल्लीतले.

सरबताचा कागद आला. घाण सापडली. आमच्या नळाचे कागद सगळे 'योग्य'. साहेबांनी दोन्ही शेजारी ठेवले. शिक्कामामा म्हणाला, "घ्या! पाणी शुद्ध, सरबत अशुद्ध. म्हणजे घाण याच्या हाताची." सरळ हिशेब. सरबतवाल्याला बोलावलं. तो हात जोडून सांगत होता, "साहेब, मी दुसरं पाणी आणतच नाही. गल्लीच्या शेवटच्या नळावरच पिंप भरतो, पहाटे. सगळी गल्ली बघते."

मी मध्येच ओरडलो. "नळाला नावं ठेवू नका! त्या नळाचा नमुना मी स्वतः घेतो! माझी सही आहे!"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग जोडलेले हात खाली घेतले.

२६ एप्रिल, शनिवार

सरबतवाल्याच्या गाडीला सील लावलं, त्याच्यावर खटला भरला.

वहिनीचे डोळे पिवळे. सकाळी चहा देताना दिसले. म्हणाली, "पित्त असेल रे." दादाने वखारीत खाडा करून तिला हॉस्पिटलात नेलं. सातवा महिना. डॉक्टरीण दादाला बाजूला घेऊन म्हणाली — पोटुशी बाईला ही कावीळ फार वाईट. ठेवून घेतलं.

त्या सरबतवाल्याला सोडणार नाही.

२७ एप्रिल, रविवार

फोडली! गाडी फोडली. तो सील लावलेली गाडी घराकडे ढकलत होता. गल्लीतले आठ-दहा जण जमले. पहिला दगड माझा. बरण्या फुटल्या, रस्ताभर लिंबं. तो गाडीला मिठी मारून उभा होता, "नका रे, नका रे." काच त्याच्या पंज्यात घुसली. मी त्याची कॉलर धरली — "माझी वहिनी तिकडे मरायला टेकलीय!" तो म्हणाला, "बाळा, त्यांना मी ओळखतो..." पुढचं ऐकलंच नाही.

घरी येऊन हात धुतले. हाताला साखरेचा चिकटा होता, जाता जात नव्हता.

२८ एप्रिल, सोमवार

हॉस्पिटलातून तसाच धावत नळावर. चारही वरच्याच. तिच्याशी बोललो नाही. तिने बाटलीची झाकणं पुढे केली.

२९ एप्रिल, मंगळवार

वहिनीजवळ बसलो होतो. हळदीसारखी झाली आहे. तरी तोंड चालूच. "नळ कसा आहे?" मी म्हटलं, "वहिनी, गप पड. त्या सरबतवाल्याची गाडी मी फोडली. तुझा बदला घेतला."

ती उशीवरून जरा वर उठली. मग म्हणाली, "माझा? अरे, मी त्याच्याकडचं कधी घेतलंच नाही. बर्फाने माझे दात शिवशिवतात, ठाऊक नाही तुला? मागे त्याने फुकट देऊ केलं, पोटुशी आहे म्हणून, तरी नाही घेतलं. मी आपलं घरचं पाणी पिते."

घरचं पाणी.

मग आणखी काहीतरी म्हणाली, काय ते आठवत नाही. मी उठलो, जिन्यात बसलो. किती वेळ बसलो माहीत नाही. मनात एकच मोजत होतो — सतरा, चोवीस, एकतीस, सात, चौदा, एकवीस, अठ्ठावीस. सात सोमवार. खालच्या गल्लीची बाटली सात सोमवार भरलीच गेली नाही.

३० एप्रिल, बुधवार

पहाटे पाचला शेवटच्या नळावर. औषधाचे दोन थेंब टाकले की पाणी पिवळं व्हायला हवं, म्हणजे टाकीतलं जंतुनाशक नळापर्यंत पोचतंय असं समजायचं. तीन वेळा टाकले. पाणी काचेसारखं स्वच्छ. पिवळं झालंच नाही. माणसं झाली.

दारोदार पळालो. उकळून प्या, उकळून प्या! सुतार म्हणाला, "कागद चांगला आलाय ना?" म्हटलं, "कागद खोटा आहे!" तर म्हणाला, "तूच तर आणलास." शिवणवालीची सासू म्हणाली, "वहिनीच्या काळजीने पोराचं डोकं फिरलंय, पाणी द्या रे त्याला." आणि पेला पुढे केला! त्याच नळाचा!

दुसरा रस्ता उरला नाही. ऑफिसात गेलो, आधी शिक्कामामाला सांगितलं. त्याने उठून दार लावलं. "गप्प बस. एकदम गप्प. फाइल बंद झालीय. तुझी नोकरी जाईल आणि माझे शिक्के आहेत त्याच्यावर. एक-दोन पाऊस पडले की कावीळ आपोआप जाते." म्हटलं, "लोक आत्ता पाणी पितायत!" म्हणाला, "मग आजपासून नीट भर!"

टेबल उलटं करावंसं वाटलं. नाही केलं. दार उघडलं आणि साहेबांच्या खोलीत गेलो. सगळं सांगितलं. उभ्याउभ्या. कुठे भरल्या, किती भरल्या, का भरल्या — 'का' सांगताना तिचं नाव घेतलं नाही, एका मुलीसाठी म्हटलं.

साहेब ओरडले नाहीत. टोपण न लावलेलं पेन खिशात ठेवलं, शाई शर्टावर पसरली, ते त्यांना कळलंच नाही. फोन उचलला, खालची लाइन बंद करायला सांगितली, टँकर मागवला. मग म्हणाले, "चला. नळ दाखवा." वाटेत एकच बोलले. "माझ्या पुढ्यात ते दोन कागद होते. मीही तिथे एक थेंब टाकून बघितला नाही. तुमचा कागद बघितला."

ओरडा ना साहेब.

२ मे, शुक्रवार

बाळ गेलं. मुलगी होती.

३ मे, शनिवार

मंडळातच जन्ममृत्यूची नोंद होते. आज शिक्कामामासमोर ते रजिस्टर उघडं होतं. दादा काउंटरच्या पलीकडे उभा होता, वखारीतला भुसा अजून केसांत. शिक्कामामा खाली मान घालून लिहीत होता. मृत जन्म. मुलगी. नाव — तिथे आडवी रेघ. कारण — आईस कावीळ. शिक्का उचलला आणि पहिल्यांदाच हळू टेकवला, आवाज न करता.

दादाने कागद घडी करून खिशात ठेवला. मला म्हणाला, "जेवलास का?"

दादाला अजून माहीत नाही.

मीही तेच पाणी प्यायलो. महिनाभर, दोन वेळा, तांब्या-तांब्याने. मला साधी मळमळ नाही!

४ मे, रविवार

वहिनी घरी येईल, डॉक्टरीण म्हणते, पण दिवस लागतील. अजून धोका पूर्ण टळलेला नाही.

सरबतवाल्याकडे गेलो. एक खोली. हाताला पट्टी, त्यामुळे बायको त्याला भरवत होती. मला बघून ती घास तसाच धरून उठली — "आता काय राहिलंय फोडायचं?" तो म्हणाला, "बस ग. बस रे."

मी उभाच. म्हटलं, "नळाचं पाणी मी कधी तपासलंच नाही. तुम्ही खरं बोलत होता." त्याने पट्टीचा हात मांडीवर घेतला. मग म्हणाला, "तू सही म्हणालास ना त्या दिवशी, तेव्हापासून मीच स्वतःवर संशय घेतला. वाटलं, आपलंच काही चुकत असेल. लिंबं धुतली नसतील. हात धुतले नसतील. आठ दिवस बसून आठवत होतो की मी कुठे घाण केली."

एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

५ मे, सोमवार

आज बाटल्या दुसऱ्याने भरल्या. मला कामावरून थांबवलंय, मंडळाच्या बैठकीपर्यंत.

खालची लाइन खणली. गटाराच्या खालून जाते, तिथला सांधा निखळलेला. पाणी बंद असताना गटार आत ओढलं जातं. सगळ्यांनी वाकून पाहिलं. मला वाटलं, सुटला सरबतवाला! पण मंडळाचे अध्यक्ष नाकाला रुमाल लावून म्हणाले, "हे परवाच निखळलेलं दिसतंय. एकवीस एप्रिलपर्यंतचे कागद तर चांगले आहेत. कावीळ सरबताचीच. त्याच्यावरचा खटला चालू राहील."

मी ओरडलो. कागद खोटे आहेत, मी सांगतोय! अध्यक्ष गोड हसले. "दुःखात आहेस बाळा. गाडी फोडलीस, आता वाईट वाटतंय. आम्ही समजू शकतो. पण रजिस्टरात तारीख आहे, वेळ आहे, सही आहे. तुझीच." शिक्कामामा गटारात बघत होता.

साहेब संध्याकाळी म्हणाले, "गुरुवारी अकराला बैठक आहे. मी तुमच्यावर विश्वास ठेवतो, पण मंडळ तोंडी शब्दावर स्वतःचे कागद रद्द करणार नाही. त्या त्या दिवशी लिहिलेलं काही आहे? आत्ता लिहून उपयोग नाही. तेव्हाचं हवं. तारीखवार."

मी म्हटलं, नाही.

खोटं बोललो. पुन्हा.

६ मे, मंगळवार

रात्रभर डोळा लागला नाही. नुसत्या तारखा उतरवून देऊ? म्हणतील, काल लिहिल्या. पानं फाडून देऊ? म्हणतील, बाकीची कुठे? काळी शाई फासून देऊ? म्हणतील, लपवतोय काय? जसं आहे तसंच द्यावं लागणार. भिंगात चमकलेल्या सूर्यासकट.

पण त्या पानांवर मी एकटा नाही.

तिच्याकडे गेलो. बाटल्या न घेता, मंगळवारी. ती खिडकीत होती. सगळं सांगितलं — लाइन, वहिनी, बाळ, सरबतवाला. ती ऐकता ऐकता चिमटा खाली ठेवून बसली. म्हणाली, "मला वाटायचं, चार बाटल्या म्हणजे चार वेळा खात्री. तू तसंच म्हणाला होतास."

"हो."

"मी तुला झाकणं देत होते रे. हातात."

वहीचं सांगितलं. तिने विचारलं, "माझ्याबद्दल काय काय आहे त्यात?" म्हटलं, "सगळं." तिचा चेहरा लाल झाला, रागाने की कशाने कळलं नाही. म्हटलं, "तू नको म्हणालीस तर देणार नाही." खरंच तसं म्हणालो. आणि मनात आशा केली की ती नको म्हणेल. हेही लिहून ठेवतो.

ती म्हणाली, "नको म्हणायला मी कोण? त्या माणसाचा हात फाटलाय." मग जरा थांबून, "काही खोडू नकोस. खोडलेलं दिसलं की उरलेलंही कोणी खरं मानत नाही. आणि मला बोलावलं तर मी येऊन सांगेन. सोमवार, साडेआठ ते साडेनऊ, मी मावशीकडे होते तो एक सोडून सहाही आठवडे. माझ्याकडे घड्याळं कमी नाहीत."

मी निघालो. मागून म्हणाली, "यापुढे या नळावर येऊ नकोस."

भिंग पुन्हा डोळ्याला लावलेलं होतं. मी वळून पाहिलं नाही, पण मला माहीत आहे.

७ मे, बुधवार

दादाला सांगितलं. वखारीत, दुपारच्या सुट्टीत. करवत बंद होती. वाटलं, मारेल. मार हवा होता मला. तो ओंडक्यावर बसला आणि हातातली भाकरी पुन्हा फडक्यात बांधली. सावकाश, गाठ मारून. मग म्हणाला, "तिला मी सांगणार नाही. तोंड तुझं आहे. तूच सांग."

चार वाजता हॉस्पिटलात गेलो. वहिनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. उभ्याउभ्या सांगितलं. तिने तोंड वळवलं नाही. मला वाटलं, झोपली. मग म्हणाली, "त्या दिवशी मी चिडवत होते तुला. नळ सुंदर आहे म्हणून."

"हो."

"त्या पहिल्या सोमवारी तू उठला नाहीस ना, तेव्हा मी हाक नाही मारली. म्हटलं झोपू दे पोराला."

"वहिनी, तुझं काही—"

"जा आता." थोड्या वेळाने, "उद्या शर्ट नीट घाल. बटणं बघ."

मी जिन्यापर्यंत आलो आणि मग पुढे काही दिसेना.

८ मे, गुरुवार, सकाळी साडेदहा

साहेब,

तेव्हाचं काही नाही म्हणालो होतो, ते खोटं होतं. ही वही घ्या. पानं मोजून घ्या, एकही फाडलेलं नाही. १० मार्चला तुम्हाला बर्फाची लादी म्हटलंय, तेही तसंच ठेवलंय. १७ मार्चपासून वाचा. तिच्याबद्दलचं मनात वाचा.

तारखा मोठ्याने वाचा.